चोरीला गेलेला चिखल

पालघरकडे लोक जातात ते केळव्याच्या सुरूच्या बनात डबा खायला, शिरगावचा किल्ला बघायला, नाहीतर बोईसरला नोकरीला. मी गेले गाळ बघायला. हे मी जिथे जिथे सांगितलं, तिथे समोरच्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या पिशवीकडे पाहिलं. पाच दिवसांत त्या नजरेची सवय झाली, पण चिडचिड काही थांबली नाही.

झालं होतं असं. साताऱ्याच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर मुलांसाठी समुद्रतळावर एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं. त्यातलं शेवटचं प्रकरण समुद्राखालच्या दऱ्यांचं. आपल्या घाटात जशा दऱ्या असतात तशा समुद्राच्या तळालाही असतात, आणि काही तर आपल्या कड्यांना मान खाली घालायला लावतील एवढ्या खोल. नद्यांनी आणलेला गाळ त्यांच्या तोंडाशी साठत राहतो. मग कधी भूकंपाने, कधी स्वतःच्याच ओझ्याने तो घसरतो आणि पाण्याचा नि गाळाचा दाट लोंढा दरीतून धावत जाऊन खोल समुद्राच्या तळाशी पसरतो. सिंधूच्या मुखासमोर अशी एक मोठी दरी आहे. डोंगरावरची चिमूटभर माती तिथवर कशी पोचते, हे मला मुलांना सांगायचं होतं.

संपादकबाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "छान आहे, पण घरात बसून लिहिल्यासारखं वाटतं." आता समुद्राखालच्या दरीबद्दल घरात बसून नाही लिहायचं तर कुठे बसून लिहायचं? पण त्या हटून बसल्या. एखादी जवळची नदी घ्या, तिच्या काठाने समुद्रापर्यंत जा, बघितलेलं लिहा.

मी नकाशा उघडला आणि सूर्या नदीवर बोट ठेवलं. जव्हारच्या बाजूच्या डोंगरांतून निघते, पश्चिमेला येते, पुढे बोईसर-तारापूर, आणि मग समुद्र. शिवाय बोईसरला माझी जुनी विद्यार्थिनी सुजाता राहते. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. नवरा चिंचणीच्या बाजूच्या मच्छीमार घरातला, पण होडी सोडून कारखान्यात पाळ्या करतो. फोन केला तर ती आनंदाने ओरडलीच, "बाई, याच तुम्ही! माझे सासरे तर तुमची वाटच बघतील."

तिच्या सासऱ्यांनी माझी वाट का बघावी, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

विक्रमगडच्या वर

सुजाताने रजा काढली आणि आम्ही एसटीने विक्रमगडला, तिथून जीपने आणि शेवटी पायी एका पाड्यावर गेलो. भाद्रपद होता. पाऊस ओसरत आला होता, ओहोळ मात्र भरून वाहत होते आणि पाण्याचा रंग चहासारखा होता. मला फार बरं वाटलं, कारण गढूळ पाणी म्हणजे माझं प्रकरण स्वतःच्या पायांनी समुद्राकडे निघालेलं होतं.

उतारावरच्या एका नाचणीच्या तुकड्यात एक बाई वाकून गवत काढत होती. नाव लाडकी. तुकडा एवढासा, आमच्याकडच्या खळ्याहून थोडा मोठा. खालच्या अंगाला दगड रचून केलेला बांध. मी वहीपेन काढून मुलाखतच सुरू केली.

"तुमच्या शेतातली माती पावसात वाहून जाते?"

"जाते."

"कुठे जाते?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली म्हंजे खाली," ती म्हणाली, आणि पुन्हा गवताकडे वळली. बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात याहून अचूक उत्तर फार कमी वेळा आलं असेल, पण ते वहीत लिहिण्याजोगं नव्हतं.

मग सुजाता तिच्याशी बोलली आणि वेगळंच कळलं. भात-नाचणी निघाली की ही मंडळी वीटभट्टीच्या कामाला खाली उतरतात. पण निघण्याआधी लाडकी आणि तिचा नवरा बांधाशी अडकलेली माती पाटीत भरून डोक्यावरून परत तुकड्याच्या वरच्या टोकाला नेऊन टाकतात. दर वर्षी. पावसाने खाली आणायची, यांनी वर न्यायची. आमच्याकडे शेताला शेणखत वाहतात, माती वाहत नाही. मी विचारलं, किती दिवस लागतात? लाडकी म्हणाली, "संपं तवर."

मी पिशवीतून काचेची बरणी काढली. डोंगरापासून समुद्रापर्यंत प्रत्येक टप्प्यावरची माती बरण्यांत भरून पुस्तकाच्या शेवटी त्यांचे फोटो द्यायचे, अशी माझी कल्पना होती. बांधाजवळ वाकून मी दोन मुठी माती भरली आणि झाकण लावलं. लाडकी कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"तुमी पन नेता काय?" ती म्हणाली.

नुसतं विचारलं, रागाने नाही. सुजाता खो खो हसायला लागली. मी झाकण उघडलं, वरच्या टोकापर्यंत चढून गेले आणि माती तिथे ओतली. बरणी रिकामी परत आली. माझी पहिली बरणी आणि माझा पहिला धडा, दोन्ही तिथेच संपलं, आणि सुजाता परतीच्या जीपमध्येही हसत होती याचा मला मनस्वी राग आला.

मासवणचा पूल

दुसऱ्या दिवशी धामणीच्या धरणाकडे गेलो. वाहून आलेल्या गाळापैकी पुष्कळसा धरणांच्या पोटात बसतो, हे मला माहीत होतं, तरी ते स्थिर पाणी बघून जीव खट्टू झाला. माझी चिमूटभर माती प्रवासाला निघाल्या निघाल्याच मुक्कामाला थांबली होती. फाटकावरच्या माणसाने फोटो काढू दिले नाहीत. मी त्याला म्हटलं, मला भिंतीचा नाही, गाळाचा फोटो हवाय. तो म्हणाला, "गाल खाली हाय, पान्यात." मग आम्ही डबा उघडून चपाती-भाजी खाल्ली आणि निघालो.

उरलीसुरली माती घेऊन नदी पुढे जाते, ती मासवणला पुन्हा भेटली. पुलाच्या कठड्याशी एक म्हातारा गळ टाकून बसला होता. मी मोठ्या उत्साहाने पश्चिमेकडे हात दाखवून विचारलं, "इथून नदी कुठे जाते? चिंचणीला मिळते की तारापूरला?"

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग नदीकडे. "सूर्या? चिंचनीला? नाय हो. ती तिकरं जाते, वैतरनंला." आणि त्याने दक्षिणेकडे मान केली.

मी पिशवीतून नकाशा काढून कठड्यावर पसरला. सूर्या जिथे वळते, नेमकी तिथेच माझ्या नकाशाची घडी होती. घडीवरचा कागद झिजून पांढरा पडला होता आणि मी नदी सरळ समुद्राला भिडवून मोकळी झाले होते. आयुष्यभर पोरांना नकाशे वाचायला शिकवलेली बाई! दोन दिवस मी जिच्या मागे फिरले ती नदी तारापूरच्या किनाऱ्याला शिवतसुद्धा नव्हती. मी नकाशा वेडावाकडा दुमडून पिशवीत कोंबला. सुजाता या वेळी हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिने शहाणपणा केला.

"बाई, पण समुद्र तरी बघाच," ती म्हणाली. "आता सासऱ्यांना सांगून झालंय."

बोईसरला पोचेपर्यंत अंगावर धुळीचा थर बसला होता. बोईसर मला पहिल्या दिवसापासूनच गोंधळात टाकत होतं. एका बाजूला कारखान्यांच्या पाळ्या सुटतात, त्या गर्दीत देशातल्या सगळ्या हिंदी कानावर पडतात, आणि दुसऱ्या बाजूला पाटीतल्या कोलंबीवरून मराठीत घासाघीस चाललेली असते. रिक्षावाला जौनपूरचा होता. मी गाळ बघायला आले हे सुजाताने त्याला सांगितल्यावर तो आरशातून म्हणाला, "मॅडम, कीचड़ देखना था तो हमारी गली में आ जातीं." त्या दिवशी मला तो विनोद अजिबात आवडला नाही. आज लिहिताना आवडतोय.

हरी तांडेलांच्या ओट्यावर

तिसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो. गावाचं नाव लिहू नका, असं मला बजावलेलं आहे, तेव्हा चिंचणीजवळचं एक गाव एवढंच लिहिते. ओट्यांपुढे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, त्यांच्यामधून वाट काढत घरापर्यंत जायचं. साताऱ्याच्या नाकाला हा वास झेपेना. एका तासाने तो वास येईनासा झाला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच पदराला यायला लागला.

सुजाताचे सासरे हरी तांडेल साठीच्या पुढचे, अंगाने सडपातळ, बोलणं तुटक. सासू मथुराबाई त्यांच्या उलट. तिने आल्या आल्या गवती चहाचा कप हातात दिला आणि मी मासे खात नाही हे ऐकून कपाळावर हात मारला. "मंग मी तुमाला घालू काय?" असं ती इतक्या कळवळून म्हणाली, की पुढचे दोन दिवस तांदळाची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी मी अपराध्यासारखी खाल्ली.

हरी तांडेलांनी चहा संपेपर्यंत दम धरला. मग विचारलं, "बाई, तुमी भूगोलाच्या ना? समुद्राच्या बुडाचं तुमाला कळतं?"

"थोडं फार कळतं."

"मंग लिवून द्या," ते म्हणाले. कोनाड्यातून त्यांनी एक कोरी शाळेची वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "माझ्या भावानं माझी माती चोरली."

मी सुजाताकडे पाहिलं. ती खाली मान घालून बोंबील निवडत होती, म्हणजे हिला सगळं माहीत होतं.

प्रकरण असं. इथे समुद्रात झाडांची खोडं एकाला एक जोडून लांबच लांब खुंट करतात आणि ते तळात उभे रोवतात. दोन खुंटांमध्ये पिशवीसारखं मोठं जाळं बांधायचं. भरती-ओहोटीचा प्रवाह मासे आपोआप आत आणून घालतो. प्रत्येक घराची खुंटांची ओळ ठरलेली, बापाकडून मुलाकडे आलेली. पण खुंट उभा राहतो तो तळातल्या चिखलाच्या जोरावर. चिखल असला की तो घट्ट धरतो, रेती असली की उधाणाच्या प्रवाहाने हलत हलत निघून जातो. हरी तांडेलांचे खुंट गेली दोन वर्षं निघत होते. एकदा तर जाळ्यासकट गेले. तळाशी होता तो चिखल सरकून खाली रेती उघडी पडली होती. आणि त्यांच्या उत्तरेला धाकट्या भावाची, गोपाळची ओळ होती, ती मात्र ताठ उभी. गोपाळने दोन वर्षांपूर्वी खुंटांच्या बुडाशी दगडांच्या गोणी टाकल्या होत्या. ओहोटीचं पाणी उत्तरेकडून येतं, तेव्हा गोपाळने गोणी टाकून येणारा चिखल स्वतःकडे अडवला, असा हरी तांडेलांचा हिशोब. त्या दिवसापासून दोन्ही घरांमध्ये बोलणं बंद. मधे एक गल्ली, पण लग्नाचं आमंत्रणही तिसऱ्याच्या हातून जायचं.

"यंदा तिसरं साल," मथुराबाई म्हणाली. "तीन साल खुंट नाय लागला तर जागा गावाची. मंग कोनी पन मागंल. आन खुंट लागतो भांगाला." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराचे दिवस, जेव्हा भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असतो. तो भांग उद्यावर आला होता, आणि पुढच्या भांगापर्यंत मदतीची माणसं आपापल्या होड्यांवर निघून गेली असती.

म्हणजे उद्या खुंट रोवायला चिखल सापडला नाही, तर वडिलांच्या वेळची जागा जाणार. आणि हरी तांडेलांना चिखल शोधायचा नव्हता, भावावरचा आरोप माझ्या अक्षरात हवा होता.

मी शक्य तेवढ्या शांतपणे समजावलं. खडूची सवय, हाताने हवेत आकृत्या काढल्या. म्हटलं, तांडेल, तुमचा चिखल तुमचाही नाही आणि गोपाळचाही नाही. त्यातला बराचसा तापी-नर्मदेने आणलेला, खंबातच्या आखाताकडून ओहोटीबरोबर इकडे उतरलेला. नदीची माती खाऱ्या पाण्यात शिरली की तिचे बारीक कण एकमेकांना चिकटून गठळ्या होतात आणि तळाशी बसतात. भरती त्यांना उचलते, ओहोटी दुसरीकडे ठेवते. गाळाचे पट्टे सरकत राहतात. इथला समुद्र शेकडो किलोमीटरपर्यंत उथळ आहे, चिखल कुठल्या दरीत पडून नाहीसा झालेला नाही. इथेच कुठेतरी असणार.

"म्हंजे गोपाळनं चोरला नाय?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण सवय वाईट. मी म्हटलं, "पाण्यात काहीही उभं केलं की प्रवाह थोडा मंदावतो आणि थोडा गाळ जास्त बसतो. गोणींनी थोडंफार झालं असेल. पण तेवढ्याने तुमची सगळी ओळ..."

"झालं ना! लिवा."

"अहो, तुमचे स्वतःचे खुंट इतकी वर्षं हेच करत होते!"

"लिवा, बाई. शाळेचा शिक्का पन मारा."

शिक्का कुठून मारू? मी वही मिटून परत कोनाड्यात ठेवली आणि सांगितलं, पाहिल्याशिवाय मी काही लिहिणार नाही, उद्या मला समुद्रात न्या. या वाक्याने घरात सगळ्यांचे हात का थांबले, ते मला सुजाताने नंतर सांगितलं. या गावात बायका होडीत चढत नाहीत. मासे वाळवायचे, विकायचे, जाळी दुरुस्त करायची, पण होडीत पाय नाही. हरी तांडेल तोंड फिरवून बसले.

मथुराबाईच बोलली. "पावनी जाते तर मी पन जाते. चालीस साल तुमी सांगता, खुंट इथं हाय, खुंट तिथं हाय. एकदा बघते तरी."

"गाव काय म्हनंल?"

"गाव बोलंल. जागा गेली तर गाव देनार हाय काय?"

भांग

सकाळी खाडीत होडी गाळात बसलेली होती. भांगाची भरती कमी चढते, आणि खाडी दर वर्षी आणखी उथळ होत चाललेली. पाणी यायची वाट बघत आम्ही तास-दीड तास उन्हात उभे राहिलो. मग होडीपर्यंत जायला चिखलात उतरावं लागलं. चौथ्या पावलाला माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि मी तिथेच खांबासारखी उभी. दोन खलाशांनी दोन्ही काखांत हात घालून मला उपटलं. माझी एक चप्पल त्या खाडीतच राहिली.

"चिकल पायजे तिथं नाय," मथुराबाई माझा पाय धुता धुता म्हणाली, "आन नको तिथं बघा केवढा." बत्तीस वर्षांच्या माझ्या सगळ्या तासांचं सार तिने एका वाक्यात सांगितलं आणि मला हसावं की रडावं कळेना.

बाहेर समुद्र मऊ होता. हरी तांडेलांकडे जागा दाखवणारं यंत्र होतं, त्यावर वडिलांच्या ओळीची खूण होती. यंत्राने बरोबर जागी आणून सोडलं. मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि फळीखालून एक शिशाचा गोळा काढला, लांब दोरीला बांधलेला. गोळ्याच्या बुडाला खळगा होता. त्यात त्यांनी कपडे धुण्याचा साबण ओला करून अंगठ्याने दाबून भरला. गोळा पाण्यात सोडला. दोरी सैल झाली, म्हणजे तळ लागला. वर ओढला तेव्हा साबणाला तळ चिकटून आला होता.

मी वाकून पाहिलं. रेती, आणि शिंपल्याचा चुरा.

त्यांनी नखाने थोडी काढून जिभेवर ठेवली, दातांखाली चावली आणि थुंकली. ती करकर मलाही ऐकू आली. "रेती," ते म्हणाले. साबण खरवडला, नवा भरला, दहा वाव, म्हणजे साठेक फूट, पुढे पुन्हा सोडला. रेती. पुन्हा. रेती. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी हेच केलं, आणि प्रत्येक वेळी गोळा वर येताना त्यांचं तोंड इतकं आशेने पुढे व्हायचं, की माझ्याने बघवेना. काल या माणसावर मी जितकी वैतागले होते, तितकीच आता त्याच्यासाठी हळहळत होते. मागे मदतीच्या दोन होड्या खुंट बांधून थांबल्या होत्या.

"आणखी उत्तरेला बघा," मी म्हटलं. "पट्टा सरकला असला तर तिकडेच सरकला असणार. गोपाळचे खुंट अजून उभे आहेत ना!"

"तिकरं त्याची हद्द."

"साबणाला हद्द कळते का, तांडेल? नुसतं बघा!"

मी वर्गात ओरडायची तशी ओरडले. कुणाला काही सुचण्याआधी मथुराबाईने सुकाणूवरच्या माणसाला हाताने खूण केली, आणि होडी उत्तरेला सरकली. गोपाळची होडी तिथेच होती, त्याच्या ओळीच्या शेवटी. तोही भांगासाठीच आला होता. गोपाळ मोठ्या भावासारखाच सडपातळ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं. हरी तांडेलांनी गोळा सोडला तो भावाकडे पाठ करून.

वर आला तेव्हा साबणाला काळा, चकचकीत, लोण्यासारखा चिखल होता. त्यांनी तो जिभेवर ठेवला. दात एकमेकांवर घासले. या वेळी काहीच वाजलं नाही. त्यांनी थुंकलंही नाही.

वडिलांची ओळ गेली तरी खुंट लावण्याजोगी जागा इथे होती, पण ती गोपाळची. दोन वर्षं ज्याला चोर म्हटलं त्याच्याकडे चिखल मागायचा, हे हरी तांडेलांच्याने होणार नव्हतं. ते दोरी गुंडाळायला लागले. मला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. मागे खुंट तयार, माणसं तयार, खाली चिखल तयार, आणि मधे ही दोन म्हातारी डोकी.

मथुराबाई फळीवर उभी राहिली. तोल सांभाळायला तिने माझा खांदा धरला, आणि किनाऱ्यावर मासे विकताना जो आवाज लावते तो लावला.

"भावजी! तुमच्या वलीत आमाला एक जागा द्याल काय?"

गोपाळने डोकं वर केलं. बायका होडीत कशा, हे त्याने विचारलं नाही. त्याने आपल्या ओळीच्या टोकाकडे पाहिलं. मग ओरडून म्हणाला, "वयनी, हितं दोन खुंटांची जागा मोकली हाय."

"मोकली कशी?"

"तुमचं पयलं खुंट निघालं, त्या साली मी माझं शेवटचं दोन काढलं. दादा मागंल म्हनून. दोन साल झालं. कोनी विचारायलाच आला नाय." त्याने हात हलवला, वैतागून. "यंदा तिसरं साल. मी पन घालवून बसलो असतो."

मी खाली बसले. दोन वर्षं! एका गल्लीच्या दोन बाजूंना दोन घरं, एक म्हणतं चोर, दुसरं जागा राखून गप्प, आणि दोघांचीही ती जागा महिन्याभरात गावाकडे जाणार होती. वर्गात असते तर दोघांनाही बाकावर उभं केलं असतं.

मथुराबाई फळीवरून खाली उतरली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. हरी तांडेल हातातल्या ओल्या दोरीकडे बघत होते. ती त्यांनी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग मान वर न करता, भावाला ऐकू जाईल की नाही अशा बेताच्या आवाजात विचारलं,

"किती खोल जावा लागंल खुंट?"

ऐकू गेलं. गोपाळने खोली सांगितली, आणि तुमचा खुंट आखूड पडंल, माझ्याकडचं खोड जोडून घ्या, असंही वरून सुनावलं.